भुसा कोणत्या झाडाचा? लाकडाच्या भुशावर धिंगरी अळिंबी पिकवतानाचा अनुभव

धिंगरी अळिंबीची, म्हणजे ऑयस्टर मशरूमची, लागवड शिकवताना बहुधा गव्हाचे काड, भाताचा पेंढा किंवा सोयाबीनचे भूस हेच माध्यम गृहीत धरले जाते. ते योग्यही आहे, कारण त्यावर अळिंबी लवकर येते आणि भरपूर येते. परंतु आम्ही सांगलीजवळ माधवनगरला राहतो. जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या तालुक्यांत उन्हाळा लागला की चाऱ्यासाठी केवढी ओढाताण होते, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. जे जनावराच्या तोंडी जाऊ शकते ते पिशवीत भरण्यापेक्षा, जे कोणाच्याच खाण्यात येत नाही त्यावर अळिंबी घेता आली तर बरे, या विचाराने मी आणि माझे यजमान लाकडाच्या भुशाकडे वळलो. 2023 च्या पावसाळ्यात सुरू केलेले हे काम आता दोन हंगाम पार करून स्थिरावले आहे. सुरुवातीला आम्हाला ज्या प्रश्नांची उत्तरे कोठेही एका जागी मिळाली नाहीत ती नव्याने सुरू करणाऱ्याला मिळावीत, म्हणून सर्व हकिकत क्रमाने लिहीत आहे.

पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे. तेथे धिंगरीच्या लागवडीचे अल्प मुदतीचे प्रशिक्षण मिळते आणि आगाऊ मागणी नोंदवल्यास स्पॉन, म्हणजे ज्वारीच्या किंवा गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेले बियाणेही मिळते. जून 2023 मध्ये आम्ही दोघेही ते प्रशिक्षण घेऊन आलो. काड निर्जंतुक करण्याची शिफारशीतली रासायनिक पद्धत तेथे समजली : शंभर लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आणि 125 मिलिलिटर फॉर्मेलिन मिसळून त्यात काड सोळा ते अठरा तास भिजत ठेवायचे. भुशाचा विषय मी काढला तेव्हा शिकवणाऱ्यांनी उलट विचारले, "कोणत्या झाडाचा?" भुसा पाण्यावर तरंगतो, नीट निथळत नाही, आणि त्यात कोंडा मिसळावा लागत असल्यामुळे केवळ भिजवून भागत नाही, तो वाफेवरच निर्जंतुक करावा लागतो, हेही त्यांनी सांगितले. ज्यांना भुशावर काम करायचे आहे त्यांनी प्रशिक्षणाला जाण्यापूर्वीच आपल्या प्रश्नांची यादी करून न्यावी, कारण मूळ अभ्यासक्रमात या माध्यमाला फारसा वेळ मिळत नाही.

कोणत्या झाडाचा, या प्रश्नाला एवढे महत्त्व का, हे समजून घ्यायला आम्हाला थोडा वेळ लागला. धिंगरी ही निसर्गतः वठलेल्या खोडांवर आणि ओंडक्यांवर उगवणारी बुरशी आहे. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन बहुतेक सूक्ष्मजीवांना पचत नाही. धिंगरी मात्र ते तोडणारी विकरे (एन्झाइम) स्रवते आणि उरलेले लाकूड पांढुरके व मऊ होत जाते. म्हणजे भुसा हे तिचे स्वाभाविक अन्न आहे. त्यात नत्र मात्र फार कमी असते. गव्हाच्या काडात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारणपणे ऐंशी ते शंभरास एक असते, तर भुशात ते कित्येक पटींनी विषम असते, आणि म्हणून गव्हाचा किंवा भाताचा कोंडा मिसळावा लागतो. त्याहून मोठा भाग झाडाच्या स्वतःच्या संरक्षणाचा आहे. सागवान वर्षानुवर्षे कुजत नाही ते त्यातील नैसर्गिक द्रव्यांमुळे, आणि तीच द्रव्ये आपल्या बुरशीलाही अडवतात. ज्या लाकडाला बुरशी आणि कीड लवकर लागते म्हणून सुतार ते दारे-खिडक्यांना वापरत नाही, तेच लाकूड अळिंबीला मानवते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर अनोळखी झाडाच्या भुशाबद्दलही बराचसा अंदाज बांधता येतो.

जुलै महिना सांगली, मिरज आणि माधवनगर परिसरातील सॉ मिल पालथ्या घालण्यात गेला. पहिल्या ठिकाणी मालक काका मला म्हणाले, "वहिनी, भुसा म्हंजे भुसाच की ओ. कोंबड्यावालं नेत्यात, ब्रिकेटवालं नेत्यात, कुणी झाडाचं नाव इचारत न्हाई." त्यांचे म्हणणे त्यांच्या जागी खरे होते. पोल्ट्रीच्या शेडमध्ये अंथरायला किंवा दाबून जळणाच्या कांड्या करायला कोणताही भुसा चालतो. करवतीखालच्या खड्ड्यात सकाळी कापलेल्या बाभळीचा, दुपारच्या निलगिरीचा आणि कालच्या सागाचा भुसा एकत्रच साठतो. तो ढीग स्वस्त असला तरी आमच्या उपयोगाचा नव्हता.

शेवटी करवतीवर काम करणाऱ्या मिस्त्रींनी मार्ग काढून दिला. आंब्याचे लाकूड मुख्यतः फळांच्या पेट्या आणि सेंट्रिंगच्या फळ्या यांसाठी येते आणि ते सलग दिवसभर कापले जाते. त्या दिवशी खड्डा आधी साफ करून खाली ताडपत्री अंथरायची आणि संध्याकाळी ती उचलायची, असे ठरले. त्या संध्याकाळी मी तेथे उभी राहून त्यांच्याकडून भुसा ओळखायला शिकले. आंब्याचा भुसा फिकट पिवळसर-राखाडी असतो, बोटांत चोळला तर मऊ लागतो आणि त्याला किंचित आंबूस वास असतो. बाभळीचा भुसा तांबूस आणि जड असतो, ओला हात लावला तर बोटाला रंग लागतो. सागाचा सोनेरी-तपकिरी, तेलकट, कमावलेल्या चामड्यासारख्या वासाचा. निलगिरीचा भुसा ताजा असेपर्यंत वासावरूनच कळतो. कडुनिंबाचा भुसा रंगावरून चकवतो, पण जिभेच्या टोकावर कणभर ठेवला की शंका राहत नाही. पोतेभर आंब्याचा भुसा आम्हाला सत्तर रुपयांना पडू लागला. मिश्र भुशापेक्षा वीस रुपये जास्त, आणि ते देण्यात आम्हाला कधीच जड गेले नाही.

कोणता भुसा अजिबात घेऊ नये, याबद्दल मात्र मी आग्रहाने लिहिते, कारण अळिंबी हे खाण्याचे पीक आहे आणि ती माध्यमातील शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून घेऊ शकते. फर्निचरच्या कारखान्यातील प्लायवूड आणि एमडीएफचा भुसा बारीक, कोरडा आणि बहुधा फुकट मिळतो, पण त्यात फॉर्माल्डिहाइडयुक्त गोंद असतो. रंगवलेल्या किंवा वाळवीचे औषध मारलेल्या जुन्या लाकडाचाही भुसा नको. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत परदेशी यंत्रांबरोबर आलेले पाइनचे पॅलेट फोडून विकतात. त्यांवर 'एचटी' असा शिक्का असेल तर लाकूड केवळ उष्णतेने प्रक्रिया केलेले असते आणि 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. शिक्का कोणताही असो, पाइनमधील राळ धिंगरीला मानवत नाही, त्यामुळे आम्ही तो विषय सोडून दिला. मिरजेत सतार आणि तानपुरे घडवणाऱ्या कारागिरांकडे तूण लाकडाचा भुसा निघतो, त्याचेही मला आकर्षण वाटले होते. तिथल्या एका वयस्क कारागिरांनी सांगितले की कोरीवकामाचा आणि पॉलिशकामाचा भुसा एकाच केराबरोबर गोळा होतो. त्यांचा वेळ आणि कला भुसा वेगळा करण्यापेक्षा फार मोलाची आहे, म्हणून तेथून आम्ही नमस्कार करून परतलो.

ऑगस्टमध्ये घरामागची विटांची खोली तयार केली. भिंतींना चुना, जमिनीवर वाळूचा थर, दारे-खिडक्यांना बारीक जाळी, आत बांबूच्या मांडण्या आणि भिंतींलगत टांगलेले गोणपाट. ग्रामपंचायतीच्या ना-हरकत दाखल्यासाठी अर्जासोबत मिळकतीचा आठ-अ उतारा, घरपट्टीची पावती आणि साधा नकाशा लागला. असा अर्ज मासिक सभेपुढे जातो, त्यामुळे सभेच्या तारखेआधी आठवडाभर तो दिलेला बरा. एक दिवस उशीर झाला तर महिना जातो. खोलीची डागडुजी, दोन ड्रम, तापमान व आर्द्रता दाखवणारे यंत्र, फवारणीचा पंप, पिशव्या, रिंगा आणि पहिले स्पॉन धरून सुरुवातीचा खर्च वीस हजारांच्या आत राहिला. ड्रम घेताना तो खाद्यतेलाचाच असल्याची खात्री करून घ्यावी. रसायनांचे वापरलेले ड्रम बाजारात स्वस्त मिळतात, ते घेऊ नयेत.

पहिली मोठी खेप आम्ही 2023 च्या अनंत चतुर्दशीनंतर, म्हणजे सप्टेंबर संपताना भरली. आंबा, सुबाभूळ, निलगिरी, बाभूळ, कडुनिंब, साग आणि मिश्र भुसा अशा प्रत्येकाच्या वेगळ्या पिशव्या करून त्यांवर रंगीत फिती बांधल्या. शंभर किलो कोरड्या माध्यमात भुसा 84 किलो, गव्हाचा कोंडा 14 किलो, जिप्सम एक किलो आणि चुना एक किलो असे प्रमाण ठेवले. जिप्समने भुशाचे गोळे होत नाहीत आणि चुन्याने आंबटपणा आटोक्यात राहतो. बाभळीचा भुसा आधी रात्रभर पाण्यात घालून ते तांबडे पाणी टाकून दिले, म्हणजे त्यातील टॅनिनचा काही भाग निघून जातो. पाणी किती घालायचे याची परीक्षा मुठीने होते : मूठभर माध्यम घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. कोरडा भुसा पाणी हळू पितो, म्हणून तो आदल्या संध्याकाळी ओला करून ठेवावा आणि सकाळी पुन्हा मूठ दाबून पाहावी.

निर्जंतुकीकरण हा या सर्व कामाचा कणा आहे. प्रयोगशाळेत 121 अंश सेल्सिअसला, पंधरा पौंड दाबाखाली दीड-दोन तासांत जे साधते ते आमच्या ड्रममध्ये साधत नाही. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच असल्यामुळे येथे पाणी 98 अंशांच्या जवळपासच उकळते आणि उघड्या वाफेचे तापमान त्यापुढे जात नाही. त्यावर उपाय म्हणजे वेळ वाढवणे. ड्रमच्या तळाशी विटा, त्यावर लोखंडी जाळी, खाली वीतभर पाणी आणि वर पिशव्या अशी रचना करून, झाकणाच्या कडेने जोरदार वाफ यायला लागली की तेथून आठ तास मोजायचे. त्याआधीचा वेळ धरायचा नाही. नंतर झाकण न उघडता रात्रभर तसेच ठेवायचे. मध्ये पाणी आटू नये म्हणून बाजूला एक नळी बसवून घेतली आहे, तिच्यातून उकळतेच पाणी घालायचे. पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्याच हव्यात. भाजीच्या दुकानातील साध्या पिशव्या या उष्णतेला टिकत नाहीत. तोंडाशी पीव्हीसीची रिंग आणि त्यात कापसाचा घट्ट बोळा बसतो. हा कापूस औषधाच्या दुकानातला पाणी शोषणारा नको, न शोषणारा हवा, आणि वाफेचे थेंब पडून तो भिजू नये म्हणून त्यावर कागद बांधावा. ओला झालेला बोळा म्हणजे हिरव्या बुरशीला उघडे दार आहे.

स्पॉन मिसळण्याचे काम भल्या पहाटे, पंखे बंद ठेवून, हात आणि टेबल स्पिरिटने पुसून केले. पिशवीचा मध्यभाग हाताला कोमटही लागत नाही ना, हे पाहिल्यावरच ती उघडायची. ओल्या माध्यमाच्या वजनाच्या तीन टक्के स्पॉन वापरले. काडासाठी दोन टक्के पुरते. भुशात बुरशी सावकाश पसरते, म्हणून थोडे जास्त घातलेले फायद्याचे ठरते.

नंतरचे तीन-चार आठवडे फक्त पाहण्याचे होते आणि मनाला तेच सर्वांत कठीण गेले. खोलीत अंधार, तापमान पंचविशीच्या आसपास, आणि रोज बॅटरी लावून एकेका फितीच्या पिशव्यांची तपासणी. सुबाभळीच्या पिशव्यांनी सर्वांत आधी वेग घेतला. हे झाड शेंगावर्गीय कुळातले असल्यामुळे त्यात नत्र थोडे अधिक असावे, असे मला वाटते. आंबा तिच्या पाठोपाठ होता आणि त्याचा पांढरा पसारा सर्वांत सारखा, कोठेही रिकामी जागा न सोडणारा होता. निलगिरीचा अर्धा भुसा ताजा आणि अर्धा सॉ मिलच्या मागे पावसात भिजून मुरलेला होता. मुरलेला भुसा ताज्याच्या कितीतरी पुढे गेला, कारण त्यातील तेल उडून गेले होते. बाभूळ पहिला आठवडा गप्प राहिली आणि मग हळूहळू भरली. कडुनिंबात बुरशी दाण्यांभोवती घुटमळत राहिली. सागाच्या पिशव्यांत तर महिना उलटला तरी पांढरे ठिपके वेगवेगळेच होते आणि त्यांतल्या बऱ्याच पिशव्यांत ट्रायकोडर्मा ही हिरवी बुरशी शिरली. आपली बुरशी जागा व्यापायला जितका उशीर करते तितकी दुसऱ्याला संधी मिळते. त्यामुळे झाडाची निवड आणि संसर्ग या दोन गोष्टी वेगळ्या मानताच येत नाहीत. संसर्ग झालेली पिशवी खोलीत उघडू नये. ती तशीच बाहेर नेऊन पुन्हा वाफवावी आणि मग खड्ड्यात टाकावी.

दिवाळीच्या आधी, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आंब्याच्या पिशव्यांना ब्लेडने उभ्या चिरा दिल्या, खिडक्यांचे पडदे बाजूला करून मंद उजेड येऊ दिला आणि गोणपाट दिवसातून तीन-चार वेळा भिजवू लागलो. आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर गेली. चिरेच्या कडेला आधी पाण्याचे बारीक मणी दिसले, दुसऱ्या दिवशी तेथे टाचणीच्या डोक्यांएवढ्या करड्या कोंबांचा दाट पुंजका उमटला, आणि त्यातले मोजकेच कोंब पुढे सरसावून बाकीचे मागे राहिले. तिसऱ्या दिवशी टोप्या उलगडल्या. सासूबाई तेव्हा खोलीत आल्या आणि बराच वेळ पिशवीजवळ बसून राहिल्या. त्यांच्या माहेरी शिराळ्याकडे पावसाळ्यात रानातली अळंबी आणत असत, परंतु भिंतीआड, ठरल्या दिवशी उगवलेली अळंबी त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. देठ लांब आणि टोपी लहान राहू लागली तर खोलीत कोंदट हवा साचली आहे असे समजावे आणि सकाळ-संध्याकाळ दार उघडून ती बदलावी. टोपीची कड वर वळण्यापूर्वी तोडणी करावी. उशीर झाला तर बीजाणूंचा पांढरा धुरळा हवेत पसरतो आणि त्याने खोकला व ॲलर्जी होते. तोडणीला आणि भुसा चाळतानाही मास्क लावावाच.

आमच्या पिशवीत साधारण आठशे ग्रॅम कोरडे माध्यम बसते. तिन्ही बहर, म्हणजे एकाच पिशवीवर एकामागून एक आलेली तीन पिके, मिळून आंब्याच्या पिशवीने सरासरी पावणेपाचशे ग्रॅम ताजी अळिंबी दिली, सुबाभळीने त्याहून किंचित अधिक, मुरलेल्या निलगिरीने पावणेचारशेच्या आसपास, बाभळीने तीनशे, कडुनिंबाने अडीचशे आणि सागाने नाव घेण्याजोगे काही नाही. मिश्र भुशाचे उत्पादन प्रत्येक पोत्यागणिक बदलले, आणि ज्याला ठरलेल्या दिवशी ग्राहकाला माल द्यायचा आहे त्याला असे माध्यम परवडत नाही. काडावर यापेक्षा जास्त उत्पन्न निघते, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. मजुरी न धरता आमचा एका पिशवीचा खर्च तीस रुपयांच्या आत राहिला आणि दोनशे ग्रॅमचे पाकीट पन्नास रुपयांना गेले. सांगलीच्या शिवाजी मंडईत सुरुवातीला कोणी विचारत नव्हते. विश्रामबागमध्ये सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी काही जणांनी नेले, त्यांनी इतरांना सांगितले, आणि जानेवारीपर्यंत दोन हॉटेले व ओळखीची घरे मिळून खोलीतला माल रोजच्या रोज जाऊ लागला. ताजी धिंगरी साध्या हवेत जेमतेम एक दिवस टिकते, म्हणून ग्राहक आधी ठरवून मगच पिशव्यांना चिरा द्याव्यात.

याच टिकण्याच्या अडचणीमुळे वाळवण्याच्या यंत्राचा विचार आला आणि कागदपत्रांचा दुसरा अध्याय सुरू झाला. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत यंत्रसामग्रीवर तेव्हा कर्जाशी जोडलेले 35 टक्के अनुदान मिळत होते, त्याची कमाल मर्यादा दहा लाख रुपये होती आणि किमान दहा टक्के रक्कम आपली घालावी लागत होती. ही योजना प्रक्रियेसाठी आहे, लागवडीच्या खोलीसाठी नाही. म्हणून प्रस्तावात ड्रायर, दळणयंत्र आणि पाकीट बंद करण्याचे यंत्र एवढेच धरले. एकूण सुमारे दोन लाख, त्यात आमचे वीस हजार. जानेवारी 2024 मध्ये ऑनलाइन अर्ज केला. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयाकडून नेमलेल्या जिल्हा संसाधन व्यक्तींनी प्रकल्प अहवाल तयार करून दिला. त्यांचे मानधन योजनेतून दिले जाते, अर्जदाराने ते द्यायचे नसते, हे लक्षात ठेवावे. आधार, पॅन, सहा महिन्यांचे बँक विवरण, वीजबिल, जागेचा उतारा आणि यंत्रांची दरपत्रके एवढे कागद लागले. मार्चच्या मध्यावर लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि आमचे प्रकरण जूनपर्यंत जागचे हलले नाही. नंतर एका बँकेने अळिंबीच्या व्यवसायाचा अनुभव नसल्याचे कारण देऊन फाइल परत केली. तो दिवस फार जड गेला. दुसऱ्या शाखेत आम्ही सोबत विक्रीची वही, हॉटेलांची बिले आणि खात्यावर जमा झालेल्या रकमांची प्रत नेली, आणि ऑगस्टमध्ये कर्ज मंजूर झाले. विक्री लहान असली तरी पहिल्या दिवसापासून तिची नोंद ठेवावी आणि शक्य तेवढे पैसे खात्यावरच घ्यावेत. अनुदान हातात मिळत नाही. ते वेगळ्या खात्यात ठेवले जाते आणि कर्ज तीन वर्षे नियमित राहिले तर त्यात वळते होते. त्यामुळे हप्त्याचे गणित पूर्ण कर्ज धरूनच मांडावे.

ताजी अळिंबी शेतकरी म्हणून विकताना अन्न परवान्याची गरज पडली नाही, पण वाळवून पाकिटात भरायची तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मूलभूत नोंदणी हवी. तिचे शुल्क तेव्हा वर्षाला शंभर रुपये होते आणि अर्ज घरबसल्या भरता आला. आमच्या अर्जावर एक शंका काढली गेली, जागेचा पुरावा पुन्हा जोडल्यावर दोन आठवड्यांत चौदा अंकी क्रमांक मिळाला. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून केंद्र सरकारकडे होणारी नोंद, मोफत असते. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे दिसतील, तिकडे जाऊ नये. पाकिटावर निव्वळ वजन छापायचे असल्यामुळे वैधमापन शास्त्र विभागाकडे पाचशे रुपये भरून नोंदणी केली आणि वजनकाट्यावर पडताळणीचा शिक्का घेतला. विजेबाबत एक उपयोगाची गोष्ट : महावितरणच्या दरपत्रकात अळिंबी लागवडीचा उल्लेख 'कृषी – इतर' या वर्गवारीत आहे. फवारणी आणि पंख्यांसाठी वेगळे मीटर घेताना तो उतारा छापून सोबत न्यावा, म्हणजे व्यापारी दर लागत नाही. आमच्या मीटरला जुलै 2024 उजाडला.

2024 च्या मार्चनंतर पारा अडतीसच्या पुढे गेला तेव्हा आम्ही खोली रिकामी केली, धुतली आणि पावसाळ्यापर्यंत बंद ठेवली. सांगलीच्या उन्हाळ्यात पाण्याचे फवारे मारून धिंगरी घ्यायचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वीज, पाणी आणि मनस्ताप यांच्या मानाने हाती काही येत नाही. तो काळ आम्ही भुसा साठवण्यात घालवला. आंबा आणि सुबाभळीचा भुसा उन्हात कडक वाळवून पोत्यांत भरून ठेवला, आणि निलगिरीचा ढीग मुद्दाम पहिल्या पावसात भिजू दिला.

दुसऱ्या हंगामात माध्यम ठरून गेले : अर्धा आंबा, पाव सुबाभूळ आणि पाव बारीक तोडलेले उसाचे पाचट. नुसता बारीक भुसा पिशवीत दबून बसतो आणि आतली हवा कोंडते. पाचटाने तो मोकळा राहतो. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरे खातात, पाचट मात्र अनेक शेतांत जाळलेच जाते, त्यामुळे आमच्या मूळ हेतूलाही ते धरून होते. पिशवी भरायला लागणारा काळ जवळजवळ आठवड्याने कमी झाला आणि उत्पादन आंब्याच्याही वर गेले. सुतारकामातले रंध्याचे छिलके हाच परिणाम देतात, फक्त ते कोणत्या लाकडाचे आहेत याची खात्री हवी. हिवाळ्यात पांढरी फ्लोरिडा आणि पावसाळ्याच्या शेवटी साजोर-काजू, अशी धिंगरीच्या या दोन प्रकारांच्या स्पॉनची वाटणी आम्हाला सोयीची वाटते. स्पॉनची मागणी महिनाभर आधी नोंदवावी, कारण ऑक्टोबरमध्ये सगळ्यांनाच ते हवे असते.

ड्रायर 2024 च्या ऑक्टोबरमध्ये आला. दहा किलो ताज्या धिंगरीची साधारण एक किलो वाळलेली होते, आणि ती हवाबंद पाकिटात काही महिने चांगली राहते. ज्या आठवड्यात हॉटेलची मागणी घटते त्या आठवड्याचा माल आता वाया जात नाही.

तिसरा बहर संपलेल्या पिशव्यांतील भुसा कवलापूरचे एक हळद उत्पादक शेतकरी घेऊन जातात. तो थेट सरीत घालू नये, कारण न कुजलेले लाकूड जमिनीतले नत्र ओढून घेते. ते शेणाबरोबर थर देऊन चार-पाच महिने खड्ड्यात मुरवतात आणि मगच हळदीच्या गादीवाफ्यांना देतात. प्लास्टिकच्या पिशव्या काढून देण्याचे काम आमचे असते. गेल्या खेपेला त्यांनी भुशाचे पैसे देऊ केले, त्याऐवजी आम्ही त्यांच्या बांधावरच्या सुबाभळीच्या फांद्या मागून घेतल्या. त्या आता ओळखीच्या सॉ मिलमध्ये कापायला दिल्या आहेत.